नवापूरचा धडा : कोंबडी आजारी पडली तर सुरी नको, फोन हातात घ्या

सकाळी खुराडं उघडलं आणि एक कोंबडी मान टाकून बसलेली दिसली. दाणा घेत नाही, पाणी पीत नाही, तुरा काळानिळा पडलाय. आपल्या बऱ्याच घरांत अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "अरे, बघत काय बसलास? मरायच्या आत हलाल कर, नाहीतर मुर्दार होईल." मग घाईघाईने सुरी येते. पिसं अंगणात काढली जातात, लहान मुलं भोवती जमतात आणि दुपारी रस्सा होतो. एक कोंबडी वाया गेली नाही याचं समाधान असतं.

यात कुणाची बदनियत नसते. गरिबाच्या घरी एक गावठी कोंबडी म्हणजे चार पैसे असतात. पण बर्ड फ्लूचा विषाणू माणसापर्यंत पोहोचण्याचा सगळ्यात सोपा रस्ता नेमका हाच आहे. ताटातल्या शिजलेल्या मटणापेक्षा कितीतरी जास्त धोका आजारी पक्षी कापताना, सोलताना आणि धुताना असतो. ही गोष्ट समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला होता.

२००६ साली काय झालं?

नवापूर हा आदिवासीबहुल तालुका, अगदी गुजरातच्या सीमेवर. सुरतचा बाजार जवळ असल्यामुळे इथे अंड्यांचा धंदा वाढला आणि हजारो कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या. या धंद्यात मुस्लिम कुटुंबंही आहेत. शेडवर काम करणारे मजूर मात्र बहुतेक आजूबाजूच्या पाड्यांवरचे. शिवाय त्या पाड्यांवर घरोघरी चार-दोन गावठी कोंबड्या असतातच.

जानेवारी २००६ च्या अखेरीस शेडमध्ये मर सुरू झाली. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की ही नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेत असेल. तिची लक्षणं बरीच सारखी असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फरक कळणं अवघड असतं. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी अहवाल आला : एच-५-एन-१. देशात या विषाणूची ही पहिलीच नोंद होती.

दुसऱ्या दिवसापासून कोंबड्या मारण्याचं काम सुरू झालं. बाधित शेडभोवती तीन किलोमीटरचा घेर ठरवून त्यातले सगळे पक्षी नष्ट करायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची, असं ठरलं. मोठे खड्डे खणून, चुना टाकून लाखो पक्षी पुरले गेले. काही दिवसांतच शेजारच्या गुजरातमधल्या उच्छल तालुक्यात रोग सापडला आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत अंगणातल्या कोंबड्यांपर्यंत तो पोहोचला. देशभर चिकन आणि अंड्यांचा भाव कोसळला. रेल्वेनेही आपल्या जेवणातून कोंबडी काढली. नवापूरचं नाव जगभरच्या बातम्यांत गेलं, आणि तेही अशा कारणासाठी.

पण या सगळ्यात एक बातमी चांगली होती आणि तिची चर्चा कमी झाली. ताप-खोकला असलेल्या लोकांचे नमुने तपासले गेले, त्यात एकालाही बर्ड फ्लू निघाला नाही. लाखो कोंबड्या गेल्या, माणूस एकही गेला नाही.

माणसं कशी वाचली?

नशिबाचा भाग असेलच. अल्लाहची मेहेरबानी म्हणा. पण त्यामागे बऱ्याच हातांचं कामही होतं. बर्ड फ्लू हा असा रोग आहे की तो एका खात्याचा राहतच नाही. कोंबडी पशुसंवर्धन विभागाची, ताप आरोग्य विभागाचा, रस्त्यावरची गाडी पोलिसांची, भरपाई महसूल आणि पशुसंवर्धनाची, स्थलांतर करणारा पक्षी वन विभागाचा. एकानेही हात आखडला तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

नवापुरात राज्याच्या इतर जिल्ह्यांतून पशुवैद्यक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांची पथकं आली. पक्षी मारणाऱ्यांना अंगभर झाकणारे पोशाख, मास्क, हातमोजे दिले आणि आधीपासूनच ऑसेलटॅमिव्हिरच्या, म्हणजे टॅमिफ्लूच्या गोळ्या सुरू केल्या. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून विचारत होते : घरात कुणाला ताप आहे का, कोंबड्यांशी संबंध आला का? संशयितांना वेगळ्या वॉर्डात ठेवलं. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत आणि दिल्लीला गेले, पक्ष्यांचे भोपाळला.

नवापूरचं रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच पटेल. या स्टेशनाच्या मधून राज्याची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातमध्ये. प्रवासी एका बाकड्यावर बसतात आणि दोन राज्यांत असतात. विषाणूला तर ती रेषाही दिसत नाही. म्हणून एका जिल्ह्याने, एका राज्याने एकट्याने हे काम होत नाही.

धोका नेमका कुठे आहे?

काही गोष्टी स्पष्ट करून घेऊ, कारण अफवा दोन्ही बाजूंनी पसरतात.

एक, नीट शिजवलेलं चिकन आणि अंडं खाल्ल्याने बर्ड फ्लू होत नाही. ७० अंश सेल्सिअसला विषाणू मरतो आणि आपला रस्सा, बिर्याणी, कबाब त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. फक्त आतून गुलाबी, कच्चं राहता कामा नये. अर्धकच्ची अंडी टाळावीत. फ्रीजमध्ये ठेवल्याने किंवा बर्फात गोठवल्याने मात्र विषाणू मरत नाही.

दोन, हा रोग माणसाला क्वचितच होतो. पण झाला तर फार वाईट असतो. २००३ पासून जगभरात एच-५-एन-१ चे नऊशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. भारतात माणसाच्या मृत्यूची पहिली नोंद जुलै २०२१ मध्ये झाली. हरियाणातला एक लहान मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये वारला.

तीन, लागण होते ती मुख्यतः जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून, लाळेतून, रक्तातून, पिसांच्या धुळीतून. नवापूरच्या फक्त महिनाभर आधी, जानेवारी २००६ मध्ये, तुर्कस्तानच्या पूर्वेकडच्या दोगुबायाझित गावात एकाच घरातली तीन भावंडं या रोगाने गेली. घरच्या आजारी कोंबड्यांशी त्यांचा अगदी जवळचा संबंध आला होता. ते घर आपल्यासारखंच होतं. अंगणात कोंबड्या, थंडीत त्या घरात घ्यायच्या, मुलं त्यांच्याशी खेळायची.

म्हणून "मुर्दार होण्याआधी सुरी फिरव" ही सवय सोडायला हवी. आपण हलालची काळजी घेतो, ती घ्यायलाच हवी. पण हलालच्या जोडीला तय्यिब हा शब्दही आपल्याला लहानपणापासून माहीत आहे : जे खायचं ते पाक आणि तब्येतीला चांगलंही असावं. मान टाकलेल्या कोंबडीवर वेळेत सुरी फिरली म्हणून तिच्यातला रोग निघून जात नाही. याबद्दल शंका असेल तर मोहल्ल्यातल्या आलिमांना जरूर विचारा, पण कोंबडी हातात घेण्याआधी विचारा.

मग लोक लपवतात का?

याचं उत्तर पैशात आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं.

भारतात या रोगाचं धोरण 'शोधा आणि नष्ट करा' असं आहे. रोग सापडला की आता बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात. त्याची भरपाई मिळते आणि तिचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. २०२१ साली अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या बॉयलर कोंबडीला ७० रुपये, नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये असे दर होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत, पहिल्या घटनेनंतर बरोबर पंधरा वर्षांनी, नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला होता आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले.

आता खरी अडचण. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच रोगाने मेलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळत नाहीत. शिवाय शेड निर्जंतुक करून, पुढचे काही महिने देखरेख संपेपर्यंत नवी पिल्लं भरता येत नाहीत. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. मजुराची रोजी पहिल्या दिवसापासून बंद होते आणि त्याला कसलीच भरपाई नसते. अशा वेळी मालकाच्या मनात येतं, दोन दिवस थांबू, मानमोडीच असेल. किंवा उरलेला माल पटकन विकून टाकू.

पण हाच हिशोब जरा पुढे करून बघा. पाच हजारांच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी पन्नास मेल्या आणि त्याच दिवशी कळवलं, तर बाकीच्या जवळपास सगळ्यांची भरपाई पदरात पडू शकते. आठवडाभर थांबलात आणि निम्म्या मेल्या, तर निम्मे पैसे गेले, रोग शेजाऱ्याच्या शेडमध्ये गेला, आणि त्या मेलेल्या कोंबड्या उचलणारा मजूर तो धोका आपल्या घरी घेऊन गेला. लपवण्यात धंद्याचाही फायदा नाही. आणि घाईने विकलेली आजारी कोंबडी ज्याच्या घरी जाते, त्याच्या मुलांचा हक्क आपल्या मानेवर राहतो.

आपण काय करायचं?

घरी किंवा शेडवर एकदम जास्त कोंबड्या मेल्या, अंडी अचानक घटली, डोकं-डोळे सुजले, तुरा निळा-जांभळा पडला, तर हात लावू नका. मुलांना लांब ठेवा. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. मेलेले कावळे, बगळे दिसले तरी कळवा. मेलेला पक्षी नदीत, नाल्यात, उकिरड्यावर टाकू नका. त्याला कुत्री आणि कावळे लागतात आणि रोग फिरतो.

चिकन सेंटर चालवणाऱ्या भावांसाठी : आजारी दिसणारा माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. पिंजरे आणि लाकडी ठोकळा रोज धुवा, हातमोजे आणि मास्क वापरा. घरी जाण्याआधी साबणाने हात धुवा, कामाचे कपडे बदला. दुकानात काम करणाऱ्या पोरांनाही हे सांगा.

घरातल्या बायांसाठी, कारण कोंबडी साफ करण्याचं काम बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतं : कच्च्या मांसाची सुरी आणि पाट सॅलडसाठी तसाच वापरू नका. मांस हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच मुलाला उचला.

आणि कोंबड्यांशी संबंध आल्यानंतर आठ-दहा दिवसांत कुणाला जोराचा ताप, खोकला, धाप लागली, तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट पहिल्यांदा सांगा. टॅमिफ्लू पहिल्या दोन दिवसांत दिलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. न सांगितल्यामुळे ते दोन दिवस हातातून जातात.

जिथे पोल्ट्री आहे तिथल्या मशिदींत जुम्याला चार वाक्यांत हे सांगता येईल. पाड्यावरच्या आशाताई, पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर, पोल्ट्रीवाले आणि मशिदीचे जिम्मेदार लोक रोग येण्याआधी एकदा एकत्र बसले, तर रोग आल्यावर कुणावर भरवसा ठेवायचा हा प्रश्न उरत नाही.

सरकारकडेही मागणी करायला हवी. भरपाई लवकर मिळावी, दर बाजाराप्रमाणे असावेत, शेड बंद असताना मजुरांच्या रोजीची काही सोय व्हावी. ही भीक नाही. जो माणूस स्वतःचा धंदा बंद पडणार हे माहीत असून फोन उचलतो, तो पूर्ण राज्याची तब्येत राखतो. त्याला घाटा होऊ नये, एवढं तर बाकीच्यांनी बघायलाच हवं.

बर्ड फ्लूवर प्रयोगशाळा पुण्यात आहे, भोपाळला आहे. औषध आहे, कायदा आहे, पथकं आहेत. पण हे सगळं सुरू होतं एका फोनपासून, आणि तो फोन खुराड्याजवळ उभ्या असलेल्या माणसालाच करावा लागतो.