म्हाताऱ्या सशाचं दुखणं

आपल्या आदिलाबाद भागात बैल खायचा थांबला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, रवंथ करतोय का? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणाऱ्या घरांत हे कोणी शिकवावं लागत नाही. शेळीचं, म्हशीचं, दारातल्या कुत्र्याचंही थोडंफार कळतं. पण घरात आठ वर्षांचा ससा असेल आणि तो ‘जरा वेगळाच’ वाटायला लागला, तर विचारायचं कोणाला? गेल्या मार्चपासून मी हाच प्रश्न घेऊन फिरतेय. संघाच्या गटातल्या दोन-तीन घरांत आता ससे आलेत, मुलं हौसेनं सांभाळतात. त्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं.

आमच्या सशीचं नाव कापशी. कापसाच्या गावात पांढऱ्याशुभ्र सशीला दुसरं काय नाव ठेवणार! दादाने ती दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आणली तेव्हा ओंजळीत मावायची. आता वजन दोन किलोच्या आसपास. पिंजरा फक्त रात्रीपुरता, दिवसभर घर तिचंच असतं.

मार्चमध्ये झालं ते असं. खाणं बंद नव्हतं, पण मंदावलं होतं. कोथिंबिरीची काडी तोंडात घ्यायची, दोनदा चावायची आणि टाकून द्यायची. पलंगाखालून बाहेर यायला वेळ लावायची. लेंड्या आधी हरभऱ्यापेक्षा मोठ्या, गोल, कोरड्या असायच्या. त्या आता लहानमोठ्या दिसू लागल्या. ताप नाही, जुलाब नाही, जखम नाही. आजी म्हणाली, “काहून खाऊन नाही राहिली ती? म्हातारी झाली, अजून काय.” बाबांचंही मत तेच पडलं. वय झालं हे खरंच होतं. पण वय हा आजार नाही, आणि वय झालं म्हणून कोणी कोथिंबीर टाकून देत नाही, असं मला वाटत राहिलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्या रानात, कवळच्या जंगलात किंवा पैनगंगेपलीकडे टिपेश्वरला दिसतो तो ससा वेगळा. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी उघड्यावर जन्मतात. घरात पाळतात तो युरोपातला, बिळात राहणारा ससा, आणि त्याची पिल्लं जन्मतात ती आंधळी, उघडी. भारतात तो आला मुख्यतः मांसासाठी, लोकरीसाठी आणि प्रयोगशाळेसाठी. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं दक्षिणेतलं केंद्र कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूरला आहे. तिथे व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिला अशा जातींवर काम चालतं. मांसासाठी पाळलेला ससा तीन-चार महिन्यांत विकला जातो. रानातला बहुतेक वेळा एक-दोन वर्षांच्या आतच कोणाचं तरी भक्ष्य होतो. म्हणजे आठ-दहा वर्षांचा ससा फक्त माणसांच्या घरातच असतो. सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही त्याचा अनुभव कमी असतो, यात त्यांचा दोष काय?

आमच्या गावातले पशुवैद्य मला म्हणूनच आवडले. गुरं, शेळ्या, कुत्री यांत त्यांची हयात गेली. कापशीला टेबलावर टॉवेल घालून ठेवलं, पोटाला दोन्ही बाजूंनी स्टेथोस्कोप लावला, पुढचे दात पाहिले आणि सरळ सांगितलं, “एवढ्या वयाचा ससा मी पाहिलेला नाही. पोटात हालचाल आहे, पण कमी. पुढचे दात ठीक आहेत. मागच्या दाढा बघायला माझ्याकडे साधन नाही. मी अंदाजानं औषध देणार नाही. तुम्ही रोज वजन करा आणि लिहून ठेवा.”

या वहीनेच पुढे सगळं ठरवलं. बाबांच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घरी आला. रोज सकाळी सातला वजन, लेंड्यांची संख्या आणि आकार, काय खाल्लं, काय टाकलं, पाणी किती प्यायली. पहिल्या दिवशी २.०८ किलो. दहाव्या दिवशी १.९७. माणसाचे शंभर ग्रॅम कुठे जातात कळतही नाही; दोन किलोच्या सशाचे शंभर ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो.

ससा दुखणं लपवतो. तो शिकार होणारा प्राणी. लंगडताना दिसला की संपलाच. म्हणून त्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी संशोधकांनी २०१२ मध्ये तयार केली. डोळे किती मिटलेत, गाल चपटे झालेत का, नाकाचा आकार, मिशा, कान, एवढंच बघायचं. मी कापशीचे जुने फोटो काढून नव्यांशेजारी ठेवले. डोळे अर्धवट मिटलेले, गाल आत गेलेले. आजीला दाखवले तर ती गप्प झाली, मग म्हणाली, “हिला दुखतंय गं.”

दुखतंय, पण कुठे? म्हाताऱ्या सशात ही मोठीच पंचाईत. दाढेचं टोक जिभेला टोचत असेल तरी तो कमी खातो. कंबर धरली तरी कमी खातो. मूत्रपिंड, मूत्राशयातला गाळ, पोटातला वायू, सगळ्याचं दिसणारं लक्षण एकच. मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर गर्भाशयाचा कर्करोग हा वयाबरोबर वाढणारा मोठा धोका असतो. आणि मूळ कारण काहीही असो, ससा कमी खायला लागला की आतड्याची गती मंदावते, ती मंदावली की तो आणखी कमी खातो. हे चक्र चोवीस तासांत जीव घेऊ शकतं. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडीच पडली नाही, तर सकाळची वाट बघायची नसते.

ओळखीच्या एकाने सुचवलं, मुलांचं अँटिबायोटिक सिरप थोडं द्या, नुकसान तर नाही ना. नुकसान आहे, आणि हे जरूर लक्षात ठेवा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी औषधं सशाला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि भलतेच वाढतात. त्यात ससा दगावतो. कुत्र्याच्या गोचिडांवर टाकतात ते फिप्रोनिलही सशाला चालत नाही. इथे ‘थोडंसं देऊन बघू’ चालत नाही.

दादा हैदराबादला असतो. त्याने सशांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल जुळवून दिला, आणि आमचे गावातले डॉक्टरही त्यावर बसले. वहीची पानं दोघांनी पाहिली. पर्याय तीन निघाले. लगेच हैदराबाद गाठायचं, सुमारे तीनशे किलोमीटर. नाहीतर नागपूर, सुमारे दोनशे; तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. किंवा इथेच राहून पाच दिवस वेदनाशामक देऊन पाहायचं.

मला वाटलं होतं, डॉक्टर म्हणतील आधी तपासणी. पण हैदराबादच्या डॉक्टरांनी उलटा प्रश्न केला, “एक्स-रेत काही दिसलं, तर तुम्ही पुढे काय करायला तयार आहात?” घरात शांतता. कारण भूल देऊन काही करायची वेळ आली तर चालेल का, हे आम्ही कोणी बोललोच नव्हतो. त्या रात्री जेवणं झाल्यावर बोललो. बाबा म्हणाले, त्रास वाढवणारं काही नको. आई म्हणाली, उपाय असेल आणि आपण केला नाही, हे मला झेपणार नाही. दोघंही खरंच बोलत होते.

ठरलं ते असं. आधी मेलॉक्सिकॅम, डॉक्टरांनी वजनावरून काढलेल्या मात्रेत, पाच दिवस. या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून रक्त तपासल्याशिवाय त्यापुढे नाही. पाण्याचं भांडं दोन ठिकाणी. आणि हद्द आधीच लिहून ठेवली: वजन १.९० च्या खाली गेलं किंवा बारा तास लेंडी नाही, तर निघायचं, चर्चा नाही.

तिसऱ्या दिवशी कापशी पलंगावर उडी मारून बसली. गेले दोन महिने ती चढलीच नव्हती, हे मला तेव्हा वही चाळताना कळलं. लेंड्या मोठ्या झाल्या. म्हणजे दुखणं होतं, हे सिद्ध झालं. औषध थांबलं आणि आठवड्यात सगळं पुन्हा तिथेच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काट्यावर १.८९ दिसलं.

तोवर आपल्याकडचं ऊन चाळिशी ओलांडून गेलं होतं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि हवा तिशीच्या वर गेली की त्याला जड जातं. म्हणून पहाटे तीनला निघालो. पिंजऱ्यात टॉवेल, एका बाजूला कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली, भरपूर गवत आणि ओली कोथिंबीर. तिला उपाशी नेलं नाही. माणसाला किंवा कुत्र्याला भूल देण्याआधी पोट रिकामं ठेवतात ते उलटीच्या भीतीने. सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी ठेवलं तर आतडं थांबतं. दवाखान्यातून कोणी ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं सांगितलं, तर सशाबद्दलच सांगताहेत ना, हे विचारून घ्या. निर्मलचा घाट उतरताना ती कोथिंबीर खात होती, तेवढाच धीर.

रक्तात मूत्रपिंड ठीक निघालं. एक्स-रेत कमरेच्या मणक्यांवर हाडाची टोकं वाढलेली दिसली. दाढांपैकी डाव्या बाजूच्या दोन दाढांना आतून धार आली होती, जिभेवर ओरखडा होता. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. तंतुमय गवत चावून ते झिजतात. कंबर दुखते म्हणून ती गवतापर्यंत कमी जायची, मऊ पाला खायची, दाढा कमी झिजायच्या. दोन दुखणी एकमेकांच्या हातात हात घालून आली होती. शिवाय सोनोग्राफीत गर्भाशयाची एक बाजू किंचित जाड वाटली. “कर्करोग असेल, नसेलही,” डॉक्टर म्हणाले.

दाढा घासायच्या तर भूल हवी. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात हजारो प्राण्यांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात भूल दिल्यावर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९ होतं. आधीच आजारी असलेल्या सशांत ते सात टक्क्यांच्या वर गेलं. हे आकडे डॉक्टरांनीच आम्हाला सांगितले, आणि बरेचसे मृत्यू भूल उतरल्यानंतरच्या काही तासांत होतात, म्हणून ऊब आणि खाणं तेव्हाच सांभाळायचं, हेही. मी त्यांना एवढंच विचारलं, की दाढा तशाच ठेवल्या तर? ते म्हणाले, मग ती हळूहळू खायची थांबेल. शंभरात सात हा धोका होता, दुसऱ्या बाजूला खात्री होती. आईने सही केली.

गर्भाशयाचं मात्र आम्ही नको म्हटलं. मोठी शस्त्रक्रिया, त्या वयात, खात्री नसलेल्या गोष्टीसाठी. शिवाय ज्या दुखण्यासाठी आलो होतो त्याचं कारण सापडलं होतं. याला कोणी अर्धवटपणा म्हणेल. दुसऱ्या घराने वेगळं ठरवलं तर तेही बरोबर असू शकतं.

भुलीनंतर अडीच तासांनी तिने दवाखान्यातच गवताची एक काडी ओढली. ते बघून दादा बाहेर जाऊन उभा राहिला. सगळा खर्च प्रवासासकट चौदा हजारांच्या पुढे गेला. शेजारच्या काकांनी ऐकून म्हटलं, “एवढ्यात पोतंभर ससे आले असते.” त्यांनीच पुढे शेतातून हरळी आणून द्यायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे. लसूणघासही आणला होता, तो आम्ही परत दिला. त्यात कॅल्शियम जास्त, आणि सशाच्या पोटात गेलेलं जादा कॅल्शियम लघवीवाटे निघताना गाळ होऊन बसतं.

घरात बदल किरकोळच झाले. फरशीवर सतरंज्या, पलंगाशी विटांची पायरी, पिंजऱ्याच्या दारात गवत म्हणजे कमरेला चालायचा त्रास नको. मेलॉक्सिकॅम रोज, आणि रक्त दर चार महिन्यांनी. सहा महिन्यांत दाढा एकदा पुन्हा घासाव्या लागल्या, तेव्हा नऊ वर्षं पूर्ण व्हायला पंधरा दिवस होते.

शेवटच्या इंजेक्शनचं बोलणंही झालंय. आजीला ते पटत नाही. जीव देणारा वर बसलाय, आपण कोण, असं ती म्हणते. मी वाद घातला नाही. पण वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी आहेत, सगळ्यांना विचारून लिहिलेल्या: ती स्वतःहून गवत खाईनाशी झाली, लघवीत रक्त येऊ लागलं, किंवा औषध देऊनही डोळे मिटून बसू लागली, तर गावातल्या डॉक्टरांना घरी बोलवायचं, पुन्हा तीनशे किलोमीटर नाही. तिसरी ओळ आजीने सांगितली आहे.

आज सकाळचं वजन २.०३. लेंड्या गोल. कोथिंबीर पूर्ण संपवली, मेथी टाकली. ती तिला कधीच आवडत नव्हती.