कंदिलात उजेड येईपर्यंत

भाद्रपदातली सकाळ. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर पोहोचावे, तर समोर काहीच नसते. फुले नाहीत, पठार नाही, चार हातांवरचा माणूसही नाही. नुसते पांढरे धुके आणि अंगावर बारीक भुरभुर. पहिल्यांदाच आलेली मंडळी गाडीच्या काचा वर करून बसतात आणि कुरकुरतात, ‘‘आज काही खरं नाही, ऊन पडेल असं दिसत नाही.’’ रानफुलांचे फोटो काढणारा माणूस मात्र त्याच धुक्यात गोणपाट पसरून पोटावर आडवा झालेला असतो. त्याला ऊन नकोच असते. निदान सगळे तरी नकोच असते.

हे पटायला मला स्वतःला चार-पाच पावसाळे लागले. फोटोला लख्ख ऊन हवे, असे लहानपणापासून आपल्या मनावर बिंबलेले. सूर्याकडे तोंड करून, डोळे किलकिले करून उभे राहिलेले काका-मामा आपल्या सगळ्यांच्याच अल्बमात आहेत. पण रानफूल म्हणजे मामा नव्हे. भर उन्हात तेरड्याची गुलाबी पाकळी पांढरट पडते, ओल्या पानांवर चकाकी येऊन त्यांचा हिरवा रंगच हरवतो आणि फुलाखाली काळीकुट्ट सावली पडते. धुके किंवा पातळ ढग असला, की सगळे आकाशच एक मोठा दिवा होते. उजेड चोहोबाजूंनी झिरपत येतो आणि पाकळीवरची शीर न् शीर दिसते. सोनकीच्या पिवळ्या पाकळ्यांत पोत आहे, हे मला ढगाळ दिवशीच पहिल्यांदा कळले.

पण ढगाळ उजेड मऊ असला तरी थोडा असतो. पूर्वी आम्ही पन्नास एएसएची स्लाइड फिल्म वापरत असू. भर उन्हात सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात काम व्हायचे. धुक्यात, त्यातही फुलाच्या अगदी जवळ गेले, की पाव ते अर्धा सेकंद शटर उघडे ठेवावे लागे. अर्धा सेकंद म्हणजे तुम्हाआम्हाला काहीच नाही. सीतेच्या आसवांना मात्र तो फार मोठा. वीतभरही उंची नसलेल्या, दोऱ्यासारख्या देठावर डोलणाऱ्या त्या जांभळ्या फुलाला तेवढ्या वेळात वारा तीनदा वाकवून जातो. बरे, भिंग अगदी जवळ नेऊन फूल त्याच्या खऱ्या आकाराएवढे टिपायचे म्हटले, तर नीट फोकस होणारी जागा असते जेमतेम दोन मिलिमीटर खोल. त्या दोन मिलिमीटरांच्या बाहेर फूल हलले, की चित्र गेले.

म्हणजे उजेड हवा आणि त्याच क्षणी वारा थांबायलाही हवा. घाटमाथ्यावर ही दोन पाहुणे मंडळी एकत्र घरी येणे किती दुर्मीळ! ढग विरळ होऊन मोत्यासारखा उजेड आला, की नेमका वारा सुटतो. वारा पडतो तेव्हा दरीतून नवा ढग वर आलेला असतो. ट्रायपॉड जमिनीला टेकवून, केबल रिलीजवर अंगठा ठेवून तास तास पडून राहायचे. एकदा एका गुराखी मावशींनी मला असा पालथा पडलेला पाहिला आणि लांबूनच हाक मारली, ‘‘अरं, चक्कर आली का काय रं बाबा?’’ मी म्हटले, ‘‘नाही मावशी, फुलाचा फोटो काढतोय.’’ त्यांनी चहूकडे पाहिले. जिकडे तिकडे फुलेच फुले. ‘‘मग काढ की. येवडी हायती!’’

त्यांचे बरोबर होते. साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासही आहे. पण हे वैभव उभे आहे कशावर? जांभ्या खडकावरच्या बोटा-दोन बोटांच्या मातीवर. त्या मातीत नत्र इतके कमी, की सीतेची आसवे ओल्या चिखलात बारीक फुगे पसरून सूक्ष्म जीव पकडतात आणि पोट भरतात. शेजारी दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक अडकवते. हे थेंब दव समजून नवखे लोक पहाटे धावत येतात, ऊन चढले की वाळतील म्हणून. ते वाळत नाहीत, कारण ते दव नव्हेच. उलट उन्हाची तिरीप पाठीमागून आली, की प्रत्येक केसाच्या टोकाला लाल-रुपेरी दिवा लागतो. म्हणून म्हटले, ऊन सगळेच नकोसे नसते. ते कुठून येते, याला महत्त्व.

रंगांचीही एक गंमत आहे. घाटातल्या कुंपणावर नीलपुष्पीची निळीभोर फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात. मी ती मोठ्या हौसेने टिपली. आठ दिवसांनी स्लाइड्स धुऊन आल्या, तर फुले गुलाबट जांभळी. मी प्रयोगशाळेत जाऊन तावातावाने भांडलो. चूक त्यांची नव्हती, आणि हे मला फार उशिरा कळले. काही निळी फुले आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा गडद लाल प्रकाशही परावर्तित करतात. डोळा त्याकडे दुर्लक्ष करतो, रंगीत फिल्म करत नाही. म्हणजे फिल्म खोटे बोलत नव्हती, फक्त माझ्या डोळ्यांचे खरे सांगत नव्हती.

असल्या खटपटी करायच्या कशाला, असे घरच्यांनी अनेकदा विचारले आहे, विशेषतः स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल पुठ्ठ्यावर चिकटवून मी परावर्तक केला तेव्हा. एक कारण असे, की वनस्पती दाबून वाळवली की तिचा रंग जातो. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यात वर्णन आहे, पण रंगीत चित्र नाही. तो हाती घेऊन माळावर फूल ओळखणे हे आमच्यासारख्यांचे काम नव्हे. २००१ साली श्रीकांत इंगळहळीकरांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ आले आणि कितीतरी सामान्य माणसांना आपल्याच डोंगरावरच्या फुलांची नावे कळली. इंगळहळीकर व्यवसायाने अभियंते. चांगला फोटो हा पुरावा असतो, हे त्यांच्या पुस्तकामुळे मनावर ठसले.

आता जे सांगायचे लांबवत होतो, ते सांगतो.

कंदीलपुष्प नावाची एक वनस्पती आहे. गवतात उभी राहते आणि गवतासारखीच दिसते. फूल उभ्या नळीसारखे, वर पाकळ्यांची टोके जुळलेली. लहान माशी आत शिरते. आतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला परत वर येता येत नाही. नळीचा तळ काही जातींत अर्धपारदर्शक असतो, तिथून उजेड येतो आणि माशी सुटकेच्या आशेने तिकडेच जाते. पुढे केस सुकतात आणि ती परागांचे ओझे घेऊन बाहेर पडते. मला तो तळ उजळलेला हवा होता. कंदील पेटलेला.

अशी एक वेल मला पठाराच्या कडेला सापडली. जागा सांगत नाही. दोन रविवार ढगात गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी पश्चिमेला ढगात फट दिसली. मिनिट-दीड मिनिटाचे ऊन मिळणार होते, पण मध्ये गवताची पाती आडवी येत होती. मी खिशातली कात्री काढली आणि वेलीभोवतीचे हातभर गवत साफ कापले. ऊन आले, वारा थांबला, कंदील आतून हिरवा-पिवळा उजळला. तीन फ्रेम मिळाल्या. त्या दिवशी घाट उतरताना मी मोठ्याने गात होतो.

पुढच्या रविवारी गेलो तो तिथे वेल नव्हती, वीतभर खड्डा होता. त्याच मावशी गुरे घेऊन आल्या होत्या. ‘‘कांदा काढला कुणीतरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ग्वाड लागतो. पोरं खात्यात, साळिंदरबी खातं.’’ मग माझ्या कापलेल्या गवताकडे पाहून, रागाने नव्हे, सहज म्हणाल्या, ‘‘गवतात हुती तवर कुणाला दिसली न्हाई.’’

त्या तीन फ्रेमपैकी एक आमच्या बैठकीच्या खोलीत टांगलेली आहे. पाहुणे कौतुक करतात, कॅमेरा कोणता ते विचारतात. मी सांगतो. बाकीचे सांगायला अजून जमलेले नाही.

आता कॅमेरा डिजिटल आहे. कमी उजेडात तो पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पाहतो, आणि फोनसुद्धा सुरेख फोटो काढतात. माणसेही पुष्कळ येतात. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्यांच्या गालिच्यात बसून फोटो काढून घेणारे कुटुंब उठून गेल्यावर तिथे माणसाच्या आकाराची सपाट जागा उरते. त्यांना रागावण्याचा अधिकार मला नाही, हे मनात असते. तरी जवळ जाऊन सांगतो, शक्य तितक्या नरमाईने, की पायवाटेवरूनही दिसते सगळे. कोणी ऐकतात, कोणी ‘तुम्ही कोण’ असे विचारतात.

गेल्या पावसाळ्यात मला पुन्हा एक कंदीलपुष्प दिसले. कात्री मी केव्हाच घरी ठेवली आहे. ऊन आले ते जेमतेम वीस सेकंद. फूल उजळले, आणि त्याच्यापुढून गवताचे एक जाड पाते तिरपे गेलेले. बोटाने बाजूला धरता आले असते, पण बोट लावायचे तर मधल्या आसवांवर गुडघा टेकावा लागला असता. तसाच फोटो काढला. घरी भाचीने तो पाहिला आणि म्हणाली, ‘‘मामा, छान आहे, पण हे मध्ये काय आलंय?’’

‘‘गवत,’’ मी म्हटले.