टाके घालण्याआधी हातमोजे बदलले तर?

ऑपरेशन नीट झालं, पेशंट चालत घरी गेला, आणि आठव्या दिवशी टाक्यांतून पू यायला लागला. हे का होतं आणि टाळता येतं का, ते आज बघू.

जखमेत जंतू येतात कुठून? बऱ्याचदा पेशंटच्याच कातडीवरून किंवा आतड्यातून. सर्जन आतडं हाताळतो तेव्हा ते जंतू हातमोज्यांना आणि अवजारांना लागतात. मग त्याच हातमोज्यांनी पोट शिवायचं का?

हा साधा प्रश्न 'चीता' नावाच्या अभ्यासाने विचारला. तो २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. भारतासह ७ देश, ८१ हॉस्पिटलं, १३ हजारांहून जास्त पेशंट. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी हॉस्पिटलांची दोन गटांत वाटणी केली. एका गटात नेहमीची पद्धत. दुसऱ्यात पोट शिवण्याआधी सगळ्यांनी निर्जंतुक हातमोजे आणि अवजारं बदलायची. नेहमीच्या पद्धतीत १०० पैकी साधारण १९ जखमा पिकल्या, बदलणाऱ्या गटात १६. म्हणजे ३५ जणांसाठी हे केलं की एकाची जखम वाचते. फरक छोटा वाटतो, पण उपाय किती स्वस्त आहे बघा! अर्थात, हे पोटाच्या ऑपरेशनांपुरतं. हायड्रोसीलला हाच आकडा लावू नका.

पण १६ तरी उरलेच ना? म्हणून बाकीच्या गोष्टीही हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना सांगतात: वस्तऱ्याने केस काढू नका (बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात), अँटिबायोटिक लागणार असेल तर चिरा देण्याआधीच्या दोन तासांत द्या, आणि ऑपरेशननंतर 'असू दे खबरदारी' म्हणून चालू ठेवू नका.

आता आपल्याकडचा खरा पेच. या अभ्यासात जखम ३० व्या दिवसापर्यंत तपासली, कारण पू बहुतेक वेळा घरी गेल्यावरच दिसतो. भामरागडचा पेशंट गडचिरोलीहून दीडशे किलोमीटरहून दूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. तो परत दाखवायला येणार कसा? आणि आला नाही, तर हॉस्पिटलच्या वहीत 'जखम बरी' असंच राहणार.

याचं निम्मं उत्तर गडचिरोलीतच सापडलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना शिकवलं. त्या घरोघरी जाऊन २८ दिवसांपर्यंत बाळाला बघायच्या, जंतुसंसर्ग ओळखायच्या, उपचारही करायच्या. १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार ३९ गावांत नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. बाळ आणि टाके वेगळे, मान्य. पण धडा एकच: संसर्ग घरी होत असेल तर बघणारं माणूसही घरापर्यंत पोचायला हवं.

तोवर घरच्यांनी एवढं करा. जखम लाल, गरम, सुजलेली दिसली, पू आला, दुखणं वाढलं किंवा ताप आला, तर हळद-पाला न लावता त्याच दिवशी आशाताईला दाखवा.