पाळीव प्राण्यांचे घर आणि एअर प्युरिफायर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या कुंभकोणमची हवा वर्षाचा बहुतेक काळ उष्ण आणि दमट असते, आणि तेथील जुनी घरे या हवेला अनुसरूनच बांधलेली आहेत: दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, रस्त्याच्या बाजूला ओटा आणि घराच्या मध्यभागी आकाशाला उघडा चौक, ज्याला तमिळमध्ये ‘मुट्रम’ म्हणतात. तंजावरच्या मराठा राजवटीपासून मराठी भाषक कुटुंबेही या परिसरात नांदत आली आहेत. अशा घरात कुत्रा किंवा मांजर असेल आणि कुटुंबातील कोणाला शिंका, दम किंवा डोळ्यांची खाज यांचा त्रास होऊ लागला, तर आता एअर प्युरिफायरचा विचार होतो. परंतु या यंत्रांची माहिती मुख्यतः बंद खोल्या गृहीत धरून दिलेली असल्यामुळे निवड करताना काही गैरसमज हमखास आड येतात.

गैरसमज : ॲलर्जी केसांमुळे होते, म्हणून आखूड केसांचा प्राणी निर्धोक असतो.

वस्तुस्थिती : ॲलर्जीचे मूळ केसांत नसून प्राण्याच्या लाळेत, त्वचेच्या तैलग्रंथींत आणि मूत्रात असणाऱ्या विशिष्ट प्रथिनांत असते. मांजराच्या अशा प्रमुख प्रथिनाला ‘फेल डी १’ आणि कुत्र्याच्या प्रथिनाला ‘कॅन एफ १’ अशी नावे आहेत. प्राणी अंग चाटतो तेव्हा लाळ केसांवर आणि त्वचेवर वाळते, त्वचेचा सूक्ष्म कोंडा झडतो आणि त्याच्याबरोबर ही प्रथिने घरभर पसरतात. तमिळनाडूतील राजपालयम किंवा चिप्पिपारै या जातींच्या कुत्र्यांचे केस अगदी आखूड असले, तरी त्यांना लाळ आणि त्वचा आहेच. ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या जातींच्या केसांत ‘कॅन एफ १’ हे प्रथिन इतर जातींपेक्षा कमी असल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांना २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले नाही. तेव्हा यंत्राने केस ओढून घेतले म्हणजे काम झाले, असे मानता येत नाही. केस अडवणारी बाहेरची जाळी ही मुख्य गाळणी लवकर तुंबू नये यासाठी असते.

गैरसमज : प्युरिफायर आणला की ॲलर्जीचा त्रास थांबतो.

वस्तुस्थिती : यंत्र केवळ हवेत तरंगणारे कण ओढू शकते, आणि प्रथिनांचा फार मोठा साठा गादी, उशी, सोफा, पडदे आणि कपडे यांत बसलेला असतो. मांजराच्या प्रथिनाचा काही भाग ५ मायक्रॉनपेक्षाही लहान कणांवर असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि हे कण तासन्‌तास तरंगत राहत असल्याने तेथे यंत्राचा उपयोग होतो. मात्र अमेरिकेत मांजराची ॲलर्जी असलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत, गाळणीमुळे हवेतील प्रथिन कमी झाले, तरी रुग्णांच्या लक्षणांत ठळक फरक दिसून आला नाही. मांजर घरातून कायमचे दूर केल्यावरही साठलेले प्रथिन ओसरण्यास कित्येक महिने लागतात. दमट हवेत गाद्यांमध्ये वाढणाऱ्या धूळकिड्यांचाही येथे विचार करावा लागतो. त्यांची प्रथिने जड कणांवर असून चटकन खाली बसतात, त्यामुळे त्यांच्यावर हवेचे यंत्र फारसे चालत नाही. त्रास प्राण्यामुळे आहे की धूळकिड्यांमुळे, हे डॉक्टरांकडून तपासून घेतल्याविना केलेली खरेदी म्हणूनच चुकीच्या दिशेने जाऊ शकते.

गैरसमज : यंत्रावर ‘हेपा’ असे लिहिलेले असले म्हणजे पुरे.

वस्तुस्थिती : हेपा ही अतिसूक्ष्म तंतूंची गाळणी असून अमेरिकेतील प्रचलित निकषानुसार ती ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते. हा आकार निवडण्याचे कारण असे, की तोच गाळणीतून निसटण्यास सर्वांत सोपा असतो; त्याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, तर त्याहून लहान कण हवेत वेडेवाकडे भटकताना तंतूंना चिकटतात. ‘हेपासारखी’ किंवा ‘हेपा प्रकारची’ अशा शब्दांना मात्र कोणत्याही निकषाचा आधार नसतो. शिवाय गाळणी उत्तम असूनही यंत्रातून पुरेशी हवा जात नसेल, तर तिचा गुण वाया जातो. म्हणून ‘सीएडीआर’ हा आकडा पाहावा. यंत्र दर तासाला किती घनमीटर शुद्ध हवा पुरवते, हे तो सांगतो. १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा असते, आणि ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे ठरवले, तर सीएडीआर २०५ च्या आसपास हवा; जुन्या घराचे छत १२ फुटांवर असेल, तर हीच गरज २४५ पर्यंत जाते. जाहिरातीतील आकडा बहुधा सर्वाधिक गतीचा असतो आणि रात्री यंत्र मंद गतीवर चालवले जाते, त्यामुळे हिशेबापेक्षा मोठे यंत्र घेणे शहाणपणाचे ठरते.

गैरसमज : चौकात किंवा दिवाणखान्यात ठेवलेले एक यंत्र सारे घर सांभाळते.

वस्तुस्थिती : वरचा सगळा हिशेब बंद खोलीचा आहे. ज्या घराची हवा उघड्या चौकातून सतत बदलत असते, तेथे गाळलेली हवा टिकत नाही आणि बाहेरची धूळ पुन्हा आत येते. परंतु याच बांधणीमुळे प्राण्यांची प्रथिने हवेत साठण्यासही अटकाव होतो, हा तिचा गुण लक्षात घ्यावा. यंत्राची योग्य जागा म्हणजे झोपण्याची खोली, कारण तेथे माणूस सलग सात-आठ तास श्वास घेतो आणि दार बंद ठेवून प्राण्याला बाहेर ठेवता येते. त्या खोलीत स्प्लिट एसी असेल, तर तो खोलीतीलच हवा थंड करून परत सोडतो. त्याची जाळी ठळक धूळ अडवते, सूक्ष्म कण नव्हे.

गैरसमज : हेपा गाळणीने प्राण्यांचा वासही जातो.

वस्तुस्थिती : वास वायूंचा असतो आणि कणांची गाळणी वायू अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळसा, म्हणजे असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेला कोळसा लागतो. पातळ कापडावर भुरभुरलेला कोळसा लवकर भरून जातो, म्हणून त्याचे वजन विचारावे. मांजराच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया साध्या कोळशात नीट धरला जात नाही, त्यामुळे मांजराची मातीची पेटी रोज साफ करणे हाच खरा उपाय राहतो. घरातील सांब्राणीचा धूप आणि पोंगलच्या आदल्या दिवशी भोगीला पेटणाऱ्या होळ्यांचा धूर यांतील कण यंत्र अडवते, पण धुरातील वायूंबाबत हीच मर्यादा लागू होते.

गैरसमज : आयन किंवा ओझोन सोडणारे यंत्र अधिक प्रभावी असते.

वस्तुस्थिती : आयन सोडणाऱ्या यंत्रांतूनही ओझोन निघू शकतो. ओझोन फुफ्फुसांना इजा करतो, आणि पक्ष्यांची श्वसनसंस्था अतिशय नाजूक असल्याने पिंजऱ्यातील बजरीगारसारख्या पक्ष्यांना हा धोका अधिक संभवतो. कॅलिफोर्निया राज्याने घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दहा कोटी भागांत पाच भागांची कमाल मर्यादा घातली आहे. यंत्रात सुगंधी तेल घालण्याची सोय असेल, तर तीही टाळावी; टी-ट्री तेलासारखी काही तेले मांजरांना विषारी ठरतात.

गैरसमज : यंत्रावरचा दिवा हिरवा झाला म्हणजे हवा निर्धोक झाली.

वस्तुस्थिती : यंत्रातील संवेदक कणांवरून परतणारा प्रकाश मोजतो, कणावर ॲलर्जीचे प्रथिन आहे की साधी धूळ, हे त्याला कळत नाही. म्हणून दिव्यावर न विसंबता यंत्र सतत चालू ठेवावे. ४० वॅटचे यंत्र चोवीस तास चालले, तर दिवसाला सुमारे एक युनिट वीज लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात ओलसर गाळणीवर बुरशी धरू शकते, त्यामुळे जाळी धुतल्यावर ती पूर्ण वाळवूनच बसवावी.

पाळीव प्राण्यांच्या घरासाठी प्युरिफायर हे पूरक साधन आहे, उपचार नव्हे. पैसा आणि श्रम आधी डॉक्टरांकडील ॲलर्जीच्या तपासणीवर, गादी-उशांच्या घट्ट विणीच्या खोळींवर आणि ओल्या फडक्याने रोज पुसल्या जाणाऱ्या लादीवर खर्च व्हावेत, झोपण्याची खोली प्राण्यापासून मोकळी ठेवावी, आणि त्यानंतरच खऱ्या हेपा गाळणीचे, खोलीच्या घनफळाला पुरेसे पडणारे, ओझोन न सोडणारे आणि ज्याच्या बदली गाळण्या गावात सहज मिळतात असे यंत्र निवडावे. दमा असलेल्या रुग्णाने यंत्राच्या भरवशावर औषध मात्र कधीही बंद करू नये.