आधी अंधार, मग प्रोजेक्टर

लहरीपुरा दरवाज्यासमोर न्यायमंदिर आणि त्यापलीकडे सुरसागर. बडोद्याच्या या गजबजलेल्या भागात दिवेलागणीनंतर दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरचे दिवे आणि वाहनांचे झोत यांचा इतका उजेड असतो की, तिथे पडदा लावून चित्र टाकलं तर त्यातली रात्र राखाडी दिसेल. दोष प्रोजेक्टरचा नाही. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे त्या जागेत आधीपासून असलेला उजेड, त्याहून काळं काही तिथे उमटत नाही. जुबिली बागेतल्या महात्मा गांधी नगरगृहासारख्या बंदिस्त सभागृहात ही अडचण संपल्यासारखी वाटते, पण नटावर दिवा लावला की ती परत येते. म्हणून नटांमागे तीन पडदे असलेल्या नाटकाचा प्रयोग बसवताना ‘किती ल्युमेनचा प्रोजेक्टर आणायचा’ हा प्रश्न दुसरा ठरतो. रंगमंचावरचा उजेड पडद्यावर जाण्यापासून कसा अडवायचा, हा पहिला.

हा झगडा नवा नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, एकाहून अधिक दिव्यांचे झोत आणि जोडीला निवेदन-संगीत. अनेक झोतांचं चित्र जुळवण्याचं कसब मराठी मुलखात सिनेमाच्या आधीपासून होतं. मात्र तिथे सारा खेळ पडद्यावरच असल्यामुळे सभागृहभर अंधार ठेवता येई. प्रागचे नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा आणि दिग्दर्शक आल्फ्रेड रादोक यांनी १९५८ मध्ये ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ‘लातेर्ना मागिका’ सादर केली, तेव्हा जिवंत नट आणि अनेक पडदे एकत्र आले आणि नटाला उजेड, पडद्याला अंधार ही ओढाताण उघडी पडली. पुढे स्वोबोदांचं नाव कमी व्होल्टेजच्या दिव्यांच्या जवळजवळ समांतर, आखीव झोतांशी जोडलं गेलं. चित्रांसाठी गाजलेल्या या माणसाने दिव्यांवर इतकी मेहनत घेतली, यातच बरंच काही आलं.

आकडे मांडले की मुद्दा पक्का होतो. चार मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच पडद्याचं क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर. त्यावर साडेपाच हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर लावला तर पांढऱ्या भागावर सुमारे ६०० लक्स उजेड पडेल. नटांवरच्या दिव्यांतून सांडलेला उजेड १५० लक्स धरला, तर पांढऱ्या भागावर ७५० आणि काळ्या भागावर १५०, म्हणजे गुणोत्तर जेमतेम ५:१. आता खर्च करून प्रत्येक पडद्याला दुसरा प्रोजेक्टर जोडला, म्हणजे तीन पडद्यांना सहा यंत्रं. तरी गुणोत्तर १३५० ला १५०, म्हणजे ९:१ एवढंच. उलट यंत्रं तीनच ठेवून सांडणारा उजेड ३० लक्सवर आणला, तर ६३० ला ३०, म्हणजे २१:१. दुप्पट यंत्रांनी जे साधत नाही, ते दिव्यांची दिशा बदलून साधतं.

ती कशी बदलायची, हे साधी भूमिती सांगते. समोरचा दिवा २० अंशांच्या उतरत्या कोनात असेल, तर १.७ मीटर उंचीच्या नटाची सावली अडीच मीटर मागच्या पडद्यावर जवळजवळ ८० सेंटीमीटर उंचीपर्यंत चढते आणि त्याच वाटेने उजेडही पडद्यावर जातो. तोच दिवा ४५ अंशांवर नेला की सावली नटामागे १.७ मीटरवर, जमिनीवरच संपते. बाकीचं काम विंगेतल्या आडव्या दिव्यांवर सोपवावं, त्यांचा झोत पडद्याला समांतर जातो. मग उरते जमीन. फिकट लाकडी फळ्या पडलेल्या उजेडाचा मोठा वाटा परत उडवतात आणि तो पडद्याच्या खालच्या भागावर जाऊन बसतो. काळी मॅट अंथरली की त्यातला बहुतेक भाग तिथेच गिळला जातो.

पडदे एकमेकांना जोडून सलग चित्र दाखवायचं ठरलं, तर अंधाराची किंमत आणखी वाढते. शेजारच्या दोन चित्रांच्या कडा एकमेकींवर चढवून फिकट करत न्याव्या लागतात. इथे एक फसगत ठरलेली. सांध्याच्या मध्यावर दोन्हीकडचा व्हिडिओ संकेत निम्मा केला की उजेड निम्मा होत नाही. संकेत आणि उजेड यांचं नातं साधारण २.२ घाताचं असल्यामुळे निम्म्या संकेतातून फक्त २२ टक्के उजेड मिळतो. दोन्ही मिळून ४४ टक्के, आणि मधोमध काळसर पट्टा. निम्मा उजेड हवा असेल तर संकेत ७३ टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो. हे गणित सॉफ्टवेअर सोडवतं. पण काळ्या दृश्यात प्रत्येक प्रोजेक्टरमधून जो थोडा उजेड झिरपतो, तो सांध्यावर दुप्पट होतो आणि तिथे राखाडी पट्टी दिसते. ती लपवायची तर उरलेला पडदाही तितकाच उजळावा लागतो, म्हणजे काळा रंग स्वतःच्या हाताने घालवायचा. त्यापेक्षा पडद्यांमध्ये वीतभर फट ठेवलेली बरी. खिडकीच्या गजांआडचं दृश्य डोळा जोडून घेतो, तसंच फटीपलीकडचं चित्रही जोडतो.

तीन चित्रं वेळेत जुळवणं त्यामानाने सोपं, फक्त तीन पडद्यांना तीन स्वतंत्र लॅपटॉप लावू नयेत. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तर दीड तासाच्या सलग चित्रफितीत ०.२७ सेकंदाचं अंतर पडतं. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर जवळजवळ सात चौकटी. एकाच संगणकातून तिन्ही चित्रं सोडली की हा प्रश्न उद्भवत नाही.

यावर पहिला आक्षेप एलईडी भिंतीचा. तिचा पृष्ठभाग काळा असतो आणि ती स्वतः उजळते, मग अंधाराची काळजी कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. पूर्ण तेजाने पेटलेली भिंत नटाचा चेहरा झाकोळून टाकते. तिचं तेज खूप उतरवलं तर रंगछटांच्या पायऱ्या कमी होतात आणि संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसू लागतात. तिथेही भिंतीचा उजेड शेवटी चेहऱ्यावरच्या दिव्याशी बेतूनच ठरवावा लागतो. दुसरा आक्षेप प्रकाशयोजनाकारांचा, की पडद्यासाठी नटाला अंधारात ढकलायचं का? मुळीच नाही. वरच्या हिशेबात नटावरचा उजेड कमी केलेलाच नाही, तो पुढे कुठे जाऊन पडतो एवढंच बदललं आहे. तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. दौऱ्यावरच्या संस्थेला सभागृह मोजक्या तासांसाठी मिळतं, तेवढ्यात हे सगळं कधी करायचं? वेळ अपुरा असतो म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी आधी प्रोजेक्टर लावून चित्र जुळवतात आणि दिवे लागल्यावर ते फिकं पडलं की धावपळ सुरू होते. त्याऐवजी पडदे टांगून झाले की प्रोजेक्टर बंद ठेवून नाटकातलं सर्वांत उजळ दृश्य लावावं आणि लक्समीटर घेऊन प्रत्येक पडद्यावर मोजमाप घ्यावं. आकडा खाली येईपर्यंत दिवे फिरवावेत. किती ताकदीचा प्रोजेक्टर भाड्याने आणायचा, हे त्या आकड्यावरून ठरतं आणि बऱ्याचदा तो कोटेशनमधल्या यंत्रापेक्षा लहानच निघेल.