घडीचा चाकू आणि त्याची धार



मीरा रोडच्या पूनम सागर भागात दुपारी इमारतींमधून एक ओळखीची हाक ऐकू येते, "चाकू-कैची तेज करा लो!" धारवाले चाचा सायकल स्टँडवर उभी करतात आणि पायडल मारू लागतात. पुढचे दगडी चाक गरगर फिरते. अम्मीने दिलेली सुरी, कात्री, विळीचे पाते त्या चाकाला लागले की ठिणग्यांचा फवारा उडतो. तुम्हीही तो पाहत उभे राहिला असाल.

या कामाला मराठीत एक जुना शब्द आहे, शिकलगार. हा शब्द तुम्हांला परका वाटायचे कारण नाही. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून आणलेली चकाकी. त्यावरून फारसी-उर्दूत 'सैकलगर' झाला आणि मराठीत येताना त्याचा शिकलगार झाला. तलवारी, कट्यारी घासून लखलखीत करणारे ते शिकलगार. सांगली, सातारा, कोल्हापूर या बाजूला शिकलगार आडनावाची अनेक मुसलमान कुटुंबे आहेत. कदाचित तुमच्या वर्गातही एखादा शिकलगार असेल. 'चाकू' हा शब्दही असाच तुर्की-फारसीतून आला आणि उर्दूत व मराठीत एकाच रूपात राहिला.

आता तुमच्याकडे लाकूड तासण्यासाठी लहानसा घडीचा चाकू आहे असे समजू. तो चाचांच्या चाकाला लावावा का? माझे मत विचाराल तर लावू नये. विळीला आणि मोठ्या सुरीला ते चाक ठीक आहे. लहान चाकूचे पाते मात्र पातळ असते. कोरडे चाक वेगाने घासले की धारेची कड क्षणात तापते. उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे दुसरे काही नसून पोलादाचे पेटलेले कण असतात, हे ध्यानात घ्या. कड फार तापली की तिच्यावर निळी-जांभळी झाक येते. अशी झाक आली म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरले. पोलाद तापवून, विझवून त्याला जो कठीणपणा आणतात, त्याला मराठीत 'पाणी देणे' म्हणतात. उर्दूत 'आब' म्हणजे पाणी आणि चांगल्या तलवारीला 'आबदार' म्हणतात. मराठीत तिलाच 'पाणीदार' म्हणतात. दोन्ही भाषांच्या कारागिरांना एकच गोष्ट सुचली! पाणी उतरलेली धार आज लागते आणि उद्या बोथट होते. शिवाय चाकावर एका खेपेला इतके पोलाद झिजते, की लहान पाते लवकर अरुंद होऊन जाते. म्हणून लहान चाकूची धार आपल्या हातानेच लावायला शिकावे.

पण आधी चाकू कसा निवडावा, ते पाहू.

घडीचा चाकू म्हटले की पुष्कळांना रामपुरी आठवतो. उत्तर प्रदेशातील रामपूर शहरात तो बनतो आणि हिंदी चित्रपटांनी त्याला खलनायकाच्या हातात देऊन बदनाम केले. लाकूड तासायला तो मुळीच सोयीचा नाही. त्याचे पाते लांब असते आणि लांब पात्याचे टोक आपल्या ताब्यात राहत नाही. तासकामाला पाते तुमच्या मधल्या बोटाएवढे, म्हणजे पाच ते सात सेंटिमीटर असावे. धारेची कड शक्यतो सरळ असावी. करवतीसारखे दाते असलेले पाते घेऊ नका. त्याने लाकूड तासले जात नाही, ओरबाडले जाते.

दुकानात चाकू हातात आला की तो उघडा आणि पाते दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. सांध्याचा खिळा सैल असेल तर पाते डुलेल. डुलणारे पाते कितीही स्वस्त मिळाले तरी नको. मग मूठ आवळून धरा आणि हवेतच तासल्यासारखे करा. एखादा कोपरा तळव्याला टोचत असेल, तर अर्ध्या तासात तिथे फोड येईल हे नक्की.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उघडलेले पाते कशाने अडून राहते. साध्या चाकूत मुठीच्या पाठीला एक पट्टीची स्प्रिंग असते. ती पाते नुसते दाबून धरते. टोकाने भोक पाडायला गेलात किंवा पात्याच्या पाठीवर जोर पडला, तर ते फटकन मिटते आणि मधे असतात आपली बोटे. माझ्या उजव्या तर्जनीवर अशीच एक पांढरी रेघ आहे. मी शाळेत असताना भोवऱ्याला आर बसवण्यासाठी चाकूच्या टोकाने भोक पाडत होतो. चाकू बोथट होता, म्हणून जोर जास्त लावला आणि पाते मिटले. तेव्हापासून मी खटक्याचा चाकू पसंत करतो. त्यात उघडलेले पाते खटक्यात अडकते आणि खटका सोडवल्याशिवाय मिटत नाही. फ्रान्सच्या साव्हा प्रांतात १८९० पासून बनणारा ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू आहे. त्याला १९५५ साली एक फिरती कडी बसवण्यात आली. कडी फिरवली की पाते जागच्या जागी पक्के. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांच्या कारखान्याने १८९१ साली सैनिकांसाठी घडीचे चाकू पुरवले. त्यांतूनच पुढे जगभर ओळखला जाणारा लाल मुठीचा चाकू आला. त्याच्या लहान चाकूंना मात्र बहुधा नुसती स्प्रिंगच असते. तो वापरताना टोकाने खुपसायचे नाही, एवढे पथ्य पाळावे.

पोलादाचे दोन प्रकार दुकानदार सांगेल. साधे पोलाद लवकर धार घेते, पण गंजते. स्टेनलेस पोलादात क्रोमियम मिसळलेले असते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली तसे पोलाद तयार केले. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक न दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि गंज आत शिरत नाही. मीरा-भाईंदरच्या एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे मिठागरे. पावसाळ्यात इथे खिळ्यांनाही गंज चढतो. तेव्हा आपल्या हवेला स्टेनलेसच बरे. साध्या पोलादाचा चाकू असेलच, तर काम झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवा.

आता धार. हार्डवेअरच्या दुकानात धारेचा दगड मिळतो. त्याची एक बाजू खरखरीत आणि दुसरी बारीक असते. तो बहुतेक कार्बोरंडमचा असतो. दगडावर आकडा लिहिलेला असेल, तर जितका आकडा मोठा तितका कण बारीक हे लक्षात ठेवा. दगड दहा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. कोरड्या दगडावर घासू नका. पोलादाची भुकटी छिद्रांत बसते आणि दगड गुळगुळीत होऊन जातो. पहिल्या काही वेळा घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

पात्याची पाठ दगडापासून किती उचलायची, यातच सगळी मेख आहे. पाते दगडावर आडवे टेकवा. एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवा. ती जेवढी उंच होतात, साधारण तेवढीच पाठ उचला. दीड सेंटिमीटर रुंदीच्या पात्याला त्याने सतरा अंशांच्या आसपास कोन मिळतो. लाकडासाठी पंधरा ते वीस अंशांचा कोन चांगला. नाणी फक्त अंदाजासाठी. ती काढून घ्या आणि तोच कोन मनगटात धरून ठेवा. मनगट डुलले की धार गोल होते. कोन बरोबर पडतो का हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रंग द्या आणि दोन-तीन वेळा घासून बघा. अगदी कडेवरचा रंग गेला तर कोन बरोबर. कडेवर रंग राहिला तर पाठ थोडी आणखी उचला. फक्त कडेवरचाच गेला आणि उतारावर सगळा तसाच असेल, तर पाठ जास्त उचलली आहे.

दगडावरचा पातळ पापुद्रा सोलायचा आहे अशा रीतीने, धार पुढे ठेवून, बुडापासून टोकापर्यंत पाते सरकवा. जोर बेताचा. बोटे पात्याच्या पाठीकडे. एकच बाजू आधी घासायची. किती वेळा? याला आकडा नाही. इथेच पुष्कळ जण चुकतात. दहा वेळा ही बाजू, दहा वेळा ती बाजू असे मोजून घासतात आणि धार काही येत नाही. आपण मोजायचे नाही, एक खूण शोधायची. एका बाजूने पुरेसे घासले की पोलादाची तारेसारखी अतिबारीक कड दुसऱ्या बाजूला वळते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, आडवा, हलकेच बाहेर न्या. तिथे किंचित अडकल्यासारखे लागेल. धारेच्या लांबीच्या दिशेने बोट कधीही फिरवू नका! ही तार बुडापासून टोकापर्यंत सगळीकडे लागली पाहिजे. मधेच कुठे लागत नसेल, तर तिथे धार अजून झालेली नाही. मग पाते उलटा आणि तार या बाजूला येईपर्यंत घासा. त्यानंतर बारीक दगडावर एकदा ही बाजू, एकदा ती बाजू, जोर कमी कमी करत जा.

राहिलेली तार काढायला जुना चामड्याचा पट्टा घ्या. खरबरीत बाजू वर करून तो फळीवर ताणून धरा आणि पाते उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून ओढा. धार पुढे ठेवलीत तर पट्टा कापला जाईल. पूर्वी न्हावी वस्तरा असाच पट्ट्यावर फिरवीत असत. घरी बारीक दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा. त्याच्या बुडाचे जे कडे झिलईशिवाय, पांढरे खरखरीत असते, त्यावरही बारीक धार काढता येते. पट्टा दर अर्ध्या तासाच्या कामानंतर फिरवावा. तसे केले तर दगडाची गरज क्वचितच पडते.

धार झाली का, हे पाहायला चाकू उजेडाखाली धरा. बोथट कडेवर उजेड पांढऱ्या दोऱ्यासारखा चमकतो. खरी धार काही दाखवत नाही, तिथे उजेड थांबायला जागाच नसते. मग वर्तमानपत्राचा कागद कापा. फाटला तर पुन्हा पट्ट्याकडे.

लाकूड कोणते घ्यावे? सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. तिथले कारागीर लेथवर काम करतात, पण त्यांनी पूर्वापार निवडलेले पांगाऱ्याचे लाकूड हलके आणि मऊ असल्याने आपल्याही कामाचे आहे. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तेव्हा पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका ज्या फांद्या छाटते, त्यांतली बोटाएवढी जाड डहाळी मागून घ्या. ताजी डहाळी सहज तासली जाते, मात्र वाळताना ती तडकू शकते.

पहिले काम म्हणून विटी तासा. दोन्ही टोके निमुळती करायची, एवढेच. खुर्चीवर बसा, कोपरे गुडघ्यांवर टेकवा आणि लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरा. मांडीवर कधी धरू नका. चाकू उजव्या हातात स्थिर ठेवून डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीला लावा आणि त्यानेच पाते पुढे ढकला. ढलपी लहान निघेल, पण चाकू सुटणार नाही. हात लांब केल्यावर जेवढा घेर होतो, त्यात दुसरे कोणी नसावे. धाकट्या भावंडांना हे आधी सांगा. चाकू दुसऱ्याला द्यायचा तर मिटूनच द्या. चाकू शाळेत न्यायचा नाही आणि लोकल गाडीतही नाही. चाकू बाळगण्यावर पोलीस वेळोवेळी कायद्याने बंदी घालतात आणि दप्तरातला चाकू विटीसाठी आहे हे तिथे कोण ऐकणार?

विटी जमली की कलम करून पाहा. उर्दूत लहान चाकूला 'कलमतराश' असे नावच आहे. मोडी लिहिणारे कारकून बोरू तासत आणि उर्दूचे कातिब कलम तासत. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ साली निघालेले दैनिक कित्येक दशके कातिबांनी हाताने लिहिले. बोरूचा किंवा बांबूचा वीतभर तुकडा घ्या. एका टोकाला लांबट उतार देऊन ते चपटे करा. मध्ये बारीक चीर पाडा. शेवटी टोक एका कठीण, सपाट तुकड्यावर ठेवा. कातिब त्या तुकड्याला 'कतजन' म्हणतात. पाते तिरपे धरून एकाच दाबाने टोक छाटा. हाच 'कत'. धार चांगली असेल तर 'टक्' असा स्वच्छ आवाज येतो आणि कलमाच्या टोकाला एकही धागा राहत नाही. आवाज दबका आला आणि टोक चिंबले, तर पट्टा काढा, चाकू पुन्हा फिरवा आणि टोक परत छाटा.