मुसीची जागा

हैदराबादच्या अफझलगंजमध्ये, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, मुसी नदीच्या अंगाला एक जुनी चिंच उभी आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा सुमारे दीडशे माणसं या चिंचेवर चढली आणि पाणी ओसरेपर्यंत फांद्यांना धरून राहिली. ती वाचली. त्या वेळचं अफझलगंजचं रुग्णालय उद्ध्वस्त झालं, अफझल पूल वाहून गेला, काठावरच्या वस्त्या पुसल्या गेल्या. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगितला जातो. ‘फोरम फॉर अ बेटर हैदराबाद’सारख्या संस्था आजही 28 सप्टेंबरला या झाडाखाली जमतात आणि शहराला त्या दिवसाची आठवण देतात.

मराठी वाचकाला अफझलगंज परकं नाही. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. दवाखाना, कोर्ट, शिक्षण, गंजातली धान्याची उलाढाल, सगळ्यासाठी नांदेड-परभणीकडची माणसं इथे येत. पुराच्या आदल्याच वर्षी, 1907 मध्ये, केशवराव कोरटकर प्रभृतींच्या पुढाकाराने जवळच विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली होती. म्हणून इथल्या पाण्याचा वाद आपलाही आहे.

या वादात दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. एक, ‘असा पूर 1908 मध्येही आला होता, तेव्हा कुठे होता हवामान बदल?’ दुसरं, ‘आभाळच फाटलं, त्याला महापालिका काय करणार?’ पहिलं वाक्य विज्ञान झटकून टाकतं, दुसरं जबाबदारी. दोन्ही वाक्यं चर्चा जिथल्या तिथे संपवतात. तिसरी वाट कशी असते, हे याच शहराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं.

पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. मुंबई इलाख्यातली नोकरी नुकतीच सोडलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे अभियंते 1909 मध्ये हैदराबादला आले. त्यांनी आधी हिशेब मांडला. शमशाबादच्या पर्जन्यमापकावर 24 तासांत 12.8 इंच, म्हणजे सुमारे 325 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. मुसीच्या वरच्या खोऱ्यात 788 तलाव होते, साधारण एका चौरस मैलाला एक. त्यांपैकी 221 फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या तलावावर येतो, तोही फुटतो, आणि साखळीभर हेच होत राहतं. शहरावर नुसता पाऊस आला नव्हता, फुटलेल्या तलावांचं पाणीही एकदम आलं होतं.

दोष आभाळाचा की तळ्यांचा, यावर ते अडून बसले नाहीत. यापेक्षा मोठा पाऊस पडला तर पाणी कुठे थांबेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नातून शहराच्या वरच्या अंगाला दोन जलाशय आले: 1920 मध्ये पूर्ण झालेला उस्मानसागर, ज्याला लोक गंडिपेट म्हणतात, आणि 1927 चा हिमायतसागर. पूर अडवणं हा त्यांचा मूळ हेतू. शहराची तहान त्यांनी भागवली, तो दुसरा लाभ.

आता विज्ञानाची बाजू. 1908 चा पूर तापमानवाढीचा पुरावा नव्हे. या खोऱ्यात निसर्ग आपल्या बळावर किती पाणी ओतू शकतो, याचा तो पुरावा आहे. त्यावर आजच्या उष्ण हवेची भर पडते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि पाऊस कोसळतो तेव्हा तेवढा जास्त कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे ‘1908 मध्येही झालं होतं’ हे वाक्य निर्धास्त होण्याचं कारण ठरत नाही. धास्ती त्यानेच वाढायला हवी.

ऑगस्ट 2000 मध्ये बेगमपेठला 24 तासांत सुमारे 24 सेंटिमीटर पाऊस पडला. 13 ऑक्टोबर 2020 ला बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने शहराला झोडपलं. त्या रात्री शमशाबादच्या वाटेवर, गगनपहाडजवळ अप्पा चेरुवू हा तलाव फुटला आणि महामार्गावरच्या गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. पुढच्या काही दिवसांत बालापूरकडचा गुर्रम चेरुवूही फुटला. विश्वेश्वरय्यांनी ज्या नदीच्या खोऱ्यातले तलाव मोजले, त्याच नदीच्या खोऱ्यात, त्याच रीतीने. मधल्या काळात तलावांचे नाले बुजले, काठ आक्रसले, पाण्याच्या वाटेवर घरं उभी राहिली.

वाद खरा पेटला तो ‘जीओ 111’वरून. 8 मार्च 1996 च्या या सरकारी आदेशाने दोन्ही जलाशयांभोवतालच्या दहा किलोमीटरच्या टापूत, 84 गावांत, उद्योग आणि मोठ्या बांधकामांवर बंधनं आली. एका तेल कारखान्याला दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये रद्द केली आणि हानी होण्याआधीच सावध राहण्याचं तत्त्व उचलून धरलं. पण एप्रिल 2022 मध्ये राज्य सरकारने ही बंधनं उठवणारा नवा आदेश काढला. युक्तिवाद असा, की शहराला आता कृष्णा-गोदावरीचं पाणी मिळतं, या तलावांवर ते विसंबून नाही, मग बंधनं कशाला?

84 गावांतल्या शेतकऱ्यांचं दुःख खरं होतं. त्यांच्या जमिनीला भाव नव्हता, आणि डोळ्यांदेखत धनिकांची फार्महाऊसं उभी राहत होती. त्यांना मोबदला न देता शहर वाचवण्याचा भार त्यांच्याच माथी मारणं अन्यायच. पण युक्तिवादात मेख होती. प्रश्न पिण्याच्या पाण्याचा म्हणून मांडला, की बंधनं निरर्थक वाटतात. तोच पुराचा म्हणून मांडला, की सगळं पालटतं. पाणलोटात सिमेंट पसरलं की पाऊस मुरत नाही, जलाशय लवकर भरतो, दरवाजे लवकर उघडावे लागतात. उलट, शहराला पिण्यासाठी हे तलाव लागत नसतील तर पावसाळ्यात ते थोडे रिकामे राखता येतील, म्हणजे पुराला जागा मिळेल. ज्या कारणासाठी बंधनं उठवली, त्याच कारणासाठी ती टिकवायला हवी होती.

26 सप्टेंबर 2025 च्या रात्री वरून सोडलेल्या पाण्याने मुसी फुगली आणि महात्मा गांधी बस स्थानकात पाणी शिरलं. नदीपात्रातल्या बेटावर वसलेल्या या स्थानकाला लोक इमलीबन म्हणतात. महाराष्ट्राकडच्या गाड्या इथूनही सुटतात. अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्याच्या वर्षभर आधी, 2024 मध्ये, नदीसुधार प्रकल्पासाठी हटवायच्या काठावरच्या घरांच्या भिंतींवर लाल रंगात ‘आरबी-एक्स’ अशी खूण झाली होती. चादरघाट, मूसानगर इथल्या गरिबाच्या भिंतीवर खूण करायला एक डबा रंग पुरतो. वरच्या पाणलोटातल्या टोलेजंग बांधकामाला मात्र तो पुरत नाही. नदीला जागा द्यायची तर ती उगमापासून द्यावी लागेल, आणि आधी हलवल्या जाणाऱ्याला आधी घर द्यावं लागेल.

महाराष्ट्रातही हाच हिशेब बाकी आहे. आपल्याकडे निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची मानतात. या रेषा जुन्या पावसावरून आखलेल्या असतात. पाऊसच बदलत असेल तर ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवर कुणी घर बांधू नये. मुंबईने 26 जुलै 2005 ला 944 मिलिमीटर पाऊस पाहिला, पुण्याने सप्टेंबर 2019 मध्ये आंबील ओढा पाहिला, सांगली-कोल्हापूरने त्याच वर्षी कृष्णा-पंचगंगा पाहिली. प्रत्येक वेळी ‘आभाळ फाटलं’ म्हणत आपण मोकळे झालो.

हवामान बदलावर श्रद्धा आहे की नाही, हे विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक बांधकाम परवान्याआधी, प्रत्येक विकास आराखड्याच्या सुनावणीत, नागरिकांनी तीन गोष्टी मागाव्यात: या खोऱ्यात नोंदलेला सर्वांत मोठा पाऊस किती, त्यात तापमानवाढीची भर किती धरली, आणि ते पाणी कोणाच्या दारातून जाणार. उत्तर लेखी, नकाशासह मागावं. 1909 मध्ये एका अभियंत्याने निजामाच्या दरबाराला असं उत्तर दिलं होतं. लोकशाहीत ते मागण्याचा हक्क आपला आहे, आणि ते मिळेपर्यंत परवान्यावरची सही अडवून धरणं हे आपलं काम आहे.